फोन त्यांच्याच हातात राहू द्या : शेजारी बसून वेब शिकवण्याची रीत

मी एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर काम करते. १९ वर्षं झाली. पूर्वी लोक टेबलाशी यायचे ते पुस्तक बदलायला, नाहीतर वर्तमानपत्रातली एखादी जाहिरात उतरवून घ्यायला. आता दुपार कलल्यावर जे ज्येष्ठ वाचक येतात, त्यांतल्या पुष्कळांच्या एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात फोन असतो. "हे जरा बघतेस का गं? पुढे जातच नाहीये." पुढे न जाणारं ते कधी बँकेचं पान असतं, कधी दवाखान्याची वेळ, कधी विजेच्या बिलाची तक्रार, कधी निवृत्तिवेतनाचा अर्ज. ज्या ज्या खिडकीशी रांगेत उभं राहायचं, त्या सगळ्या खिडक्या आता ब्राउझरमध्ये येऊन बसल्या आहेत.

हे मी लिहितेय ते त्या ज्येष्ठांच्या शेजारी बसणाऱ्यांसाठी. मुलगी, भाचा, नातू, शेजारीण, वाचनालयातली बाई, जे कोणी असाल ते.

बरीच वर्षं मी फोन सरळ हातात घ्यायचे, काम उरकायचे आणि परत द्यायचे. एकदा मावशीच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ मी अशीच चार मिनिटांत घेऊन दिली. ईमेलच्या रकान्यात माझा पत्ता टाकला, कारण तिचा शोधायला वेळ लागला असता. दोन दिवसांनी दवाखान्याने वेळ बदलली. तसं कळवणारा मेल माझ्याकडे आला आणि मी तो रात्री पाहिला. तोवर मावशी सकाळपासून तिथे बसून, कुणी नाव पुकारलं नाही म्हणून घरी परत आलेली होती. ती मला एक शब्द बोलली नाही. पण पुढच्या वेळी तिने फोन काढला तो माझ्यासमोर नाही, शेजारच्या मुलासमोर. तेव्हा मला कळलं की मी तिचं काम केलं होतं आणि त्याच चार मिनिटांत ते काम तिच्या हातून काढूनही घेतलं होतं.

त्यानंतर मी रीत बदलली. तीच इथे सांगते.

बसायचं कसं

समोर बसू नका, शेजारी बसा. ज्येष्ठ ज्या हाताने दाबतात, त्याच्या दुसऱ्या बाजूला. म्हणजे हात आड येत नाही आणि स्क्रीन दोघांनाही दिसते. हातात पेन्सिल घ्या आणि दाखवायचं असेल तेव्हा तिच्या लाकडी बाजूने दाखवा. बोटाने दाखवायला गेलं की बोट टेकतं, काहीतरी उघडतं, आणि त्यांना वाटतं आपल्याकडूनच बिघडलं. लाकूड टेकलं तरी स्क्रीनला काही होत नाही.

"इथे दाबा" म्हणायचं टाळा. त्याऐवजी विचारा, "पानावर काय काय लिहिलंय, वाचा बरं मोठ्याने." वाचलं की निम्मी अडचण सुटते, कारण पान बहुतेक वेळा काय हवंय ते सांगत असतं, घाईत कुणी वाचत नाही इतकंच. तीन रेघा, तीन ठिपके, दातेरी चक्र, चौकोनातून वर जाणारा बाण या खुणांची नावं मात्र तुम्हीच सांगा. त्या कोणत्याही भाषेत वाचून कळत नाहीत.

आणि एक वही. साधी, पाठपोट लिहिता येईल अशी. त्यात त्यांच्या हस्ताक्षरात, त्यांच्या शब्दांत लिहिलेलं असू द्या. एका काकांनी "लॉग आउट" ला "कुलूप लावून निघणे" असं लिहिलं आहे. मी ते बदललं नाही.

पहिल्या बैठकीत फक्त केर काढा

नवीन काही शिकवण्याआधी फोनवर येणारा गोंगाट थांबवा. दर पाच मिनिटांनी "तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले", "तुमचं पार्सल अडकलं आहे" असं वर झळकत असेल तर माणूस घाबरलेलाच राहतो, आणि घाबरलेल्याला काहीही दाबायला लावता येतं.

हे संदेश बहुतेक वेळा एखाद्या वेबसाइटचे असतात. वेबसाइटला थेट नोटिफिकेशन पाठवता येण्याची सोय क्रोममध्ये एप्रिल २०१५ मध्ये आली. सोय चांगली होती: साइट बंद असली तरी बातमी, मेल, बसची वेळ कळावी. पण परवानगी मागणारी ती चौकट पान वाचायच्या आधीच समोर येऊ लागली आणि लोक ती वाटेतून बाजूला करण्यासाठी "अलाऊ" दाबू लागले. काही साइट्स तर "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा" असं खोटंच लिहितात. त्या बटणाचा रोबोटशी काही संबंध नसतो.

अँड्रॉइडवर क्रोम उघडून वरचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या वाटेने जायला सांगा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. एकेक नाव त्यांना वाचायला लावा आणि विचारा, "ही तुमच्या ओळखीची?" ओळखीची नसेल तर त्यांच्याच हाताने बंद. यादी संपल्यावर सर्वांत वरचं, साइट्सना विचारण्याची मुभा देणारं बटणही बंद करता येतं. ज्येष्ठांच्या फोनवर मी ते बंदच करायला सांगते. आयफोनवर हा त्रास कमी, कारण तिथे मार्च २०२३ पर्यंत वेबसाइटला अशी नोटिफिकेशन्स पाठवताच येत नव्हती, आणि आजही फक्त होम स्क्रीनवर जोडलेल्या साइटलाच येतात. आयफोनवर कॅलेंडर मात्र तपासा. न मागितलेलं एखादं कॅलेंडर जोडलं गेलेलं असतं आणि तेच रोज धमक्या देत असतं.

याच बैठकीत एक गोष्ट ठासून सांगा: ब्राउझरमधल्या पानाला तुमचा फोन तपासून त्यातले व्हायरस मोजता येत नाहीत. ब्राउझरची रचनाच तशी आहे, पान त्याच्या कुंपणाबाहेर जाऊन फोनमधल्या फाइली चाळू शकत नाही. त्यामुळे "तपासणी चालू आहे" म्हणत फिरणारं ते चक्र म्हणजे नुसतं चित्र. टॅब बंद करायचा, बस्स. संगणक वापरणाऱ्यांना याच्या जोडीने सांगा की "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणून विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगणारं पान दिसलं, तर तिथून तत्काळ बाहेर पडायचं. खरी कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना ते बघणारी चाचणी, असं कधीही करायला लावत नाही.

एका बैठकीला इतकं पुरे. मी पहिल्या दिवशी याच्या पुढे जात नाही.

पत्ता शेवटाकडून वाचायचा

सगळ्यांत जास्त वेळ मी यावर घालवते आणि तुम्हीही घालवा. बाकीचं विसरलं तरी चालेल, हे एक आलं पाहिजे.

पूर्वी आपणच लोकांना सांगायचो, "कुलपाची खूण दिसली की साइट सुरक्षित." ते आता मागे घ्यायला हवं. कुलूप एवढंच सांगायचं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधल्या वाटेवर कुणी डोकावू शकत नाही. साइट कुणाची, याबद्दल ते काही सांगत नव्हतं. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. वेबच्या दृष्टीने ते फार मोठं काम झालं, पण भामट्यांच्या साइटलाही कुलूप मिळू लागलं. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ती खूणच काढली आणि तिथे सेटिंगची साधी खूण ठेवली, कारण लोक कुलपाचा अर्थ "विश्वासू" असा घेत होते. ज्यांच्या वहीत अजून "कुलूप बघणे" लिहिलेलं असेल, त्यांना ते खोडायला सांगा.

मग बघायचं काय? पत्ता. मी पोस्टाच्या पाकिटाचं उदाहरण देते. पाकिटावर नाव वर असतं आणि गाव खाली. टपाल छाटणारा मात्र आधी खालची ओळ बघतो. वेबचा पत्ताही तसाच शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेषा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरकी रेषा येईल, तिथे थांबा. तिच्या लगेच आधी "डॉट कॉम" सारखा शेवट असतो आणि त्याच्याही आधीचा शब्द घराच्या मालकाचा. काही देशांत शेवट दोन तुकड्यांचा असतो, तिथे त्या दोन तुकड्यांच्या आधीचा शब्द धरा.

वहीत दोन ओळी लिहून घ्या:

अमुकबँक डॉट कॉम
अमुकबँक डॉट खातेतपासणी डॉट कॉम

पहिलीत मालक अमुकबँक. दुसरीत मालक कोणी तरी खातेतपासणी. अमुकबँक हे त्याने आपल्या घरातल्या एका खोलीला दिलेलं नाव. अशी नावं कुणीही देऊ शकतं. हे एकदा वहीवर पेन्सिलीने रेघ मारून दाखवलं की डोळे चमकतात. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "म्हणजे हा षष्ठी तत्पुरुष झाला, शेवटचं पद महत्त्वाचं." त्यांच्या शब्दांत त्यांना कायमचं बसलं.

फोनवर जागा कमी म्हणून पूर्ण पत्ता दिसत नाही. पत्त्याच्या पट्टीवर एकदा टेकवायला सांगा, म्हणजे तो उलगडतो. आणि हुबेहूब दिसणाऱ्या अक्षरांबद्दल सांगून ठेवा. रशियनसारख्या भाषा ज्या सिरिलिक लिपीत लिहितात, तिच्यातला "अ" आणि इंग्रजीतला "ए" डोळ्यांना एकच दिसतात. एका संशोधकाने २०१७ मध्ये अशा अक्षरांनी एका नामांकित कंपनीच्या पत्त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवली होती. ब्राउझरांनी नंतर यावर बरेच बंदोबस्त केले, पण डोळ्यांवर शंभर टक्के भरवसा ठेवायचा नाही, एवढं त्यातून घ्यायचं.

म्हणून खरा उपाय दुसरा: रोज लागणाऱ्या साइट्स शोधाव्याच लागू नयेत. बँक, दवाखाना, वीज, पाणी, निवृत्तिवेतन, अशा पाच-सहा साइट्सचा पत्ता छापील कागदावरून, म्हणजे पासबुक, बिल किंवा त्या कार्यालयाच्या पत्रावरून अक्षर अक्षर टाकून उघडायला सांगा. मग ब्राउझरच्या मेन्यूतून "होम स्क्रीनवर जोडा". फोनच्या पहिल्या पानावर तिची खूण येते आणि यापुढे त्याच दारातून आत जायचं. २०१५ मध्ये डिझायनर फ्रान्सेस बेरिमन आणि गूगलचे अभियंता ॲलेक्स रसेल यांनी अशा ॲपसारख्या वागणाऱ्या साइट्सना प्रोग्रेसिव्ह वेब ॲप असं नाव दिलं. ते नाव ज्येष्ठांना सांगायची गरज नाही. संदेशात आलेली लिंक कितीही खरी वाटली तरी ती न उघडता आपल्या खुणेवरून जायचं, ही सवय मात्र लावाच. संदेश खरा असेल तर तीच सूचना आत गेल्यावरही दिसेल.

शोधयंत्रावर जावंच लागलं तर "प्रायोजित" शब्द कुठे आहे ते शोधायला लावा. तो असलेल्या ओळी पैसे देऊन वर आलेल्या असतात. आणि ग्राहक सेवेचा फोन नंबर शोधयंत्रावरून कधीच घ्यायचा नाही. आता निकालांच्याही वर यंत्राने लिहिलेलं तयार उत्तर येतं. ते वेगवेगळ्या पानांवरून जमवलेलं असतं, आणि ती पानं खोटी असली तर नंबरही खोटाच. कार्डाच्या पाठीवरचा आणि बिलावरचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. आमच्या एका वाचकाचा असाच नंबर चुकला होता. पलीकडचा माणूस तासभर गोड बोलत राहिला आणि स्क्रीन त्याला दिसेल असं एक ॲप त्याने टाकायला लावलं. त्या काकांची अधिक हकिकत मी लिहिणार नाही. तेव्हापासून मी पहिलं पान कुणाचंच कोरं ठेवत नाही.

चौकोनी कोड

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद पटापट व्हावी म्हणून. कारखान्यात कोड मळतो, फाटतो, म्हणून त्यात अशी सोय ठेवली की सुमारे ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता यावा. आज तोच कोड दुकानाच्या गल्ल्यावर, बसथांब्यावर, दवाखान्याच्या दारावर आहे. माणसाला तो वाचता येत नाही, हीच त्याची अडचण. पत्ता निदान वाचता तरी येतो.

म्हणून तीन सवयी. आधी कोडावरून नख फिरवायचं. वरून दुसरा कागद चिकटवलेला असेल तर कडा लागते. मग फोनच्या कॅमेऱ्यानेच बघायचं, वेगळं स्कॅनर ॲप घ्यायचं नाही. कॅमेरा कोडातला पत्ता आधी दाखवतो आणि उघडायला टेकवावं लागतं. त्या मधल्या क्षणात तो शेवटाकडून वाचायचा. तिसरी सवय पैशांची: कोड आणि पिन पैसे देण्यासाठी लागतात, आपल्याला मिळणाऱ्या पैशांसाठी पिन टाकावा लागत नाही. "पैसे परत करतोय, स्कॅन करा आणि पिन टाका" असं कुणी म्हणालं तर ते पैसे जाणारच आहेत.

पासवर्डच्या जागी पासकी

हे मी तिसऱ्या-चौथ्या भेटीत घेते, पण घेतेच. गेल्या काही वर्षांत वेबवर जे नवं आलं, त्यात ज्येष्ठांच्या खऱ्या उपयोगाचं मला हेच वाटतं.

पासवर्डचं दुखणं असं की तो दुसऱ्याला सांगता येतो. ओटीपीही सांगता येतो. फोनवर गोड बोलणाऱ्याला हवं असतं ते एवढंच. पासकी सांगताच येत नाही, कारण ती माणसाला माहीतच नसते. तुम्ही एखाद्या साइटवर पासकी तयार केलीत की फोन दोन किल्ल्यांची जोडी बनवतो. एक साइटकडे जाते, ती चोरीला गेली तरी तिच्याने काही उघडत नाही. दुसरी तुमच्याकडेच राहते. आत जाताना बोटाचा ठसा, चेहरा किंवा स्क्रीनचं कुलूप विचारलं जातं ते फोनला खात्री पटावी म्हणून. ठसा साइटकडे जात नाही. ही शंका प्रत्येकाला येते, त्यांनी विचारायच्या आधीच सांगा.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे पासकी पत्त्याला बांधलेली असते. अमुकबँक डॉट कॉमसाठी केलेली किल्ली नकली पानावर पुढे येतच नाही. डोळे फसले तरी किल्ली फसत नाही. यामागचं तांत्रिक मानक, वेबऑथन, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मार्च २०१९ मध्ये मंजूर केलं आणि मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून त्याचा सगळीकडे प्रसार करायचं जाहीर केलं. अजून सगळ्या साइट्सवर ते आलेलं नाही. जिथे आहे तिथे खात्याच्या सेटिंगमध्ये "सुरक्षा" खाली "पासकी तयार करा" असं सापडेल.

करण्याआधी चार गोष्टी तपासा, आणि इथे सावकाश चला.

फोन कुणाकुणाच्या बोटाने उघडतो ते बघा. नातवाने खेळायला म्हणून आपलाही ठसा नोंदवलेला असतो. तसं असेल तर पासकी त्याच्याही बोटाने उघडेल. आधी ते ठसे काढा. हे बोलणं अवघड जातं. मी सरळ सांगते की कपाटाची किल्ली जितक्या जणांकडे, तितक्याच जणांकडे ही असावी.

फोनचं मूळ खातं, म्हणजे गूगलचं किंवा ॲपलचं, कुणाच्या नावाचं आहे ते बघा. पासकी बहुधा त्या खात्यात जपली जाते आणि नवा फोन घेतल्यावर तिथूनच परत मिळते. खातं उघडून देणाऱ्या दुकानदाराचा किंवा भाच्याचा नंबर त्यात "रिकव्हरी" साठी नोंदलेला असेल तर तो बदलून त्यांचा स्वतःचा टाका. मावशीच्या फोनमध्ये असा नंबर निघाला, आणि तो माझा होता.

दुसरी किल्ली कुठे तरी असू द्या: घरातला टॅबलेट, संगणक किंवा साइटने दिलेले रिकव्हरी कोड कागदावर लिहून, कागदपत्रांच्या पिशवीत. फोन हरवला तर उपयोगी पडतील ते हेच.

आणि वाचनालयाच्या संगणकावर, म्हणजे कुठल्याही सामाईक यंत्रावर, पासकी करायची नाही. यावर मी कुणाचाच अपवाद करत नाही.

अर्ज भरताना

अर्जाचं पान काही वेळ हात न लावता राहिलं की बंद होतं आणि भरलेलं सगळं जातं. ज्येष्ठांना चष्मा काढून कागद बघायचा, पुन्हा चष्मा लावून अक्षरं शोधायची, यातच तो वेळ संपतो. म्हणून अर्ज उघडायच्या आधी सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा आणि लांबलचक उत्तरं, पत्ता, तक्रारीचा मजकूर फोनच्या नोट्समध्ये आधी लिहून ठेवायला सांगा. मग नुसतं कॉपी आणि पेस्ट. नाव प्रत्येक कागदावर कसं लिहिलंय ते एकमेकांशी ताडून बघा, अर्ज परत येतात ते बहुतेक एका अक्षराच्या फरकाने.

ईमेल आणि फोन नंबर त्यांचाच. त्यांचा ईमेल नसेल तर आजचा अर्ज बाजूला ठेवून आधी ईमेल उघडा. मी का आग्रह धरते ते वर सांगितलंच आहे.

अर्ज गेला की नुसतं "यशस्वी" वाचून उठू नका. शेअर किंवा प्रिंटमधून ते पान पीडीएफ म्हणून जपून ठेवायला लावा, स्क्रीनशॉट घ्या, आणि अर्ज क्रमांक तारखेसह वहीत हाताने लिहा. कार्यालयात जाऊन विचारायची वेळ आली तर खिडकीपलीकडचा माणूस पहिला प्रश्न क्रमांकाचाच करतो.

कुकीची पाटी

हे थोडक्यात. कुकी म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद. ती १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी काढली, पान पुढे गेलं तरी साइटला तुम्ही आठवावेत म्हणून. पुढे जाहिरातवाल्यांनी तिचा उपयोग तुमच्या मागे साइटोसाइटी फिरायला केला. पानाच्या तळाशी येणारी पाटी त्याची परवानगी मागते. "सगळं नाकारा" दिसलं तर तेच. दिसलं नाही तर "पर्याय" किंवा "सेटिंग" मध्ये दडलेलं असतं. नकार होकारापेक्षा अवघड ठेवला म्हणून फ्रान्सच्या माहिती संरक्षण यंत्रणेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला होता, तेव्हा हे लपवणं चुकून झालेलं नसतं हे ध्यानात ठेवा. पण यावर भेट वाया घालवू नका. नाकारलं नाही म्हणून कुणाचं खातं रिकामं होत नाही.

अक्षर मोठं करा, आणि तक्रार लिहा

"मला जमत नाही" असं म्हणणाऱ्या कित्येकांना खरं तर दिसत नसतं. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करा, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये "ॲक्सेसिबिलिटी" खाली वेबपानांचंही. मोठं केल्यावर एखाद्या साइटचं बटण पानाबाहेर गेलं किंवा एका ओळीवर दुसरी ओळ चढली, तर तो दोष साइटचा आहे. त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण ते स्वतःलाच दोष देत बसलेले असतात.

आणि हे नुसतं धीर देण्यापुरतं नाही. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे नियम, डब्ल्यूसीएजी, १९९९ पासून आहेत आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांची २.२ ही आवृत्ती आली. अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं केलं तरी पान वापरता आलं पाहिजे, वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवून मिळाली पाहिजे, एकाच अर्जात तीच माहिती पुन्हा पुन्हा मागू नये, आत जाण्यासाठी काही पाठ करायची सक्ती नसावी, म्हणजेच पासवर्ड पेस्ट करायला अडवू नये, असं त्यात लिहिलं आहे. युरोपीय संघात तर बँका आणि ऑनलाइन दुकानांना अशा सोयी देणं २८ जून २०२५ पासून कायद्यानेच बंधनकारक झालं आहे.

म्हणून पान अडलं की आम्ही दोघं मिळून तक्रार लिहितो. साइटच्या तळाशी "संपर्क" किंवा "अभिप्राय" असतं. तारीख, पानाचा पत्ता, फोनचा प्रकार, काय करायचं होतं, कुठे अडलं, आणि स्क्रीनशॉट. पाच-सहा ओळी पुरतात. सही त्यांची. डब्ल्यूसीएजीचं नाव जरूर घाला. वाचणाऱ्याला मग ते पत्र कुणाकडे पाठवायचं ते कळतं. आजवर अशा दोन तक्रारींनंतर पान सुधारलेलं मी पाहिलं आहे. त्यातली एक मावशीची होती, रकान्यांची नावं फिकट राखाडी रंगात असल्याबद्दल.

उठण्याआधी

उघडे टॅब त्यांनाच बंद करू द्या. सामाईक संगणक असेल तर लॉग आउट, आणि उतरवलेल्या फाइली डाउनलोडमधून काढून टाका. वहीत आज काय केलं ते दोन ओळींत लिहायला सांगा आणि पुढच्या भेटीची तारीख घाला.

पुढच्या भेटीत नवं सुरू करायच्या आधी वही उघडा आणि मागचंच काम त्यांना एकट्याने करायला सांगा. तेवढा वेळ पेन्सिल खाली ठेवा. हात आपोआप पुढे जातो, म्हणून मी तेव्हा परत आलेली पुस्तकं लावत बसते आणि हाक आली तरच वळते.